रॉबिनहूड चालतो, मग फकिरा आणि उमाजी नाईक का नाही? बालचित्रपट निवड समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
बालचित्रपट सप्ताह निवड समिती

नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याला मुलांचा जो चित्रपट सप्ताह होणारे त्याची यादी व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचली. आम्ही काही पालकांनी आणि वाचनालयात काम करणाऱ्यांनी मिळून सिनेमांची नावं सुचवली होती, त्यातले तीन तुम्ही काढून टाकलेत. अण्णाभाऊ साठ्यांच्या कादंबरीवरचा जुना फकिरा, उमाजी नाईकांवरची छोटी फिल्म, आणि मोठ्या मुलांसाठी म्हणून सुचवलेला पानसिंग तोमर. तिघांपुढं एकच शेरा आहे, दरोडेखोरांचं उदात्तीकरण, मुलांसाठी अयोग्य. आणि त्याच यादीत तिसऱ्या दिवशी सकाळी डिस्नेचा रॉबिनहूड ठेवलाय.

हे वाचून मला गप्प बसवेना. समितीतल्या दोघांशी मी फोनवर बोलले, दोघांनीही नीट ऐकून घेतलं पण निर्णय झालाय म्हणाले, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे बाकीच्या पालकांनाही कळेल की नक्की काय ठरलं आणि कशावरून.

मी कोण ते आधी सांगते. माझं माहेर पुरंदरच्या पायथ्याला, भिवडीच्या बाजूला, समाज रामोशी. गावातल्या वाचनालयात संध्याकाळी मी पोरांना पुस्तकं वाचून दाखवते आणि शनिवारी प्रोजेक्टरवर सिनेमा लावते, माझा स्वतःचा मुलगा सहावीत आहे आणि तोही त्यात बसतो. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे उमाजी नाईक भिवडीचे. आमच्याकडं त्यांची जयंती ७ सप्टेंबरला होते, सरकारी कार्यालयात सुद्धा फोटोला हार घालतात. ज्याच्या फोटोला सरकार हार घालतं त्याच्यावरची फिल्म मुलांना दाखवायची नाही असं तुम्ही ठरवता, तेव्हा आमच्या आळीतल्या पोरानं त्याचा अर्थ काय लावायचा? त्याला एवढंच कळतं की आपला माणूस चोर होता म्हणून काढला. तो हे तुमच्याकडं येऊन विचारणार नाही, माझ्याकडं येऊन विचारतो, आणि उत्तर मला द्यावं लागतं.

तर माझ्या तक्रारी अशा आहेत.

सगळ्यात मोठी तक्रार ही की नियम एक नाही. रॉबिनहूडचं कार्टून मला आवडतं, मी ते स्वतः वाचनालयात लावलंय, त्यामुळं ते काढा असं मी म्हणत नाहीये. पण १९७३ च्या त्या कार्टूनमध्ये काय काय आहे ते एकदा डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीलाच रॉबिन आणि लिटल जॉन ज्योतिषी बायकांचं सोंग घेऊन प्रवासाला निघालेल्या राजपुत्राला लुटतात. नॉटिंगहॅमचा शेरीफ लांडगा आहे, तो पाय मोडलेल्या लोहाराच्या प्लॅस्टरमध्ये लपवलेली नाणी सुद्धा ठोकून ठोकून बाहेर काढतो, आणि सशाच्या लहान पिल्लाला वाढदिवसाला मिळालेलं एकुलतं एक नाणंही उचलून नेतो. शेवटाकडं फ्रायर टकला फाशी द्यायचं ठरतं, फाशीचा सांगाडा पडद्यावर दिसतो. म्हणजे लूट आहे, वेषांतर आहे, सरकारी माणूस वाईट आहे, फाशी आहे, तुरुंग फोडणं आहे. तुमच्या शेऱ्यात जे जे बसतं ते सगळं यात आहे, आणि तरी ते पहिलीच्या पोरांना चालतं, आणि माझ्या मते पण चालतं, कारण काय चाललंय आणि का चाललंय ते पोरांना नीट समजतं. मी लावलं तेव्हा सशाच्या नाण्याच्या प्रसंगाला एका तिसरीतल्या मुलीनं मोठ्यानं विचारलं, हा पोलीस आहे ना मग तो का घेतो? सिनेमा थांबवून आम्ही त्यावर बोललो, कर म्हणजे काय, कोण घेतो, कशासाठी घेतो, आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्याकडनं घेतला तर काय होतं. एका कार्टूनमधून तिसरीतली पोरगी करापर्यंत पोचली. मग हाच प्रश्न फकिरातला दुष्काळ बघून तिनं विचारला तर बिघडतं कुठं?

१८८९ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या तंट्या भिल्लाला पकडलं तेव्हा अमेरिकेतल्या पेपरनं त्याला हिंदुस्थानचा रॉबिनहूड म्हटलं होतं. त्याच वर्षी ४ डिसेंबरला जबलपूरला त्याला फाशी झाली. इतक्या लांबच्या लोकांना तेव्हा दिसलं की ही माणसं एकाच जातकुळीतली आहेत, आणि आपण आज इंग्लंडचा तेवढा ठेवतो आणि घरचा काढतो.

दुसरी गोष्ट लिहिताना मला जड जातंय पण लिहायलाच पाहिजे. वासुदेव बळवंत फडक्यांचा फोटो आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर आहे, असायलाच हवा, आद्य क्रांतिकारक म्हणून आपण त्यांना मानतो. त्यांनी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर दरोडा घातला तो कोणाला घेऊन? रामोश्यांना घेऊन. दौलतराव नाईक त्यांच्या बरोबर होते. दरोडा एकच, रात्र एकच, घोडी आणि हत्यारं तीच. पुढाऱ्याचा फोटो भिंतीवर आणि बरोबरच्यांची गोष्ट मुलांसाठी अयोग्य असं कसं चालेल? तुमच्यापैकी कोणी हे मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. पण १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा याच विचारावर उभा होता, की काही जातींत पोर जन्मतःच गुन्हेगार असतं, लोकांना हजेरी लावायला लागायची, आणि तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत, बेरड आहेत, कैकाडी आहेत, पारध्यांचे काही गट आहेत. या घरातली पोरं तुमच्या सप्ताहात पुढच्या रांगेत बसणार आहेत, तेव्हा असा शेरा लिहिताना जरा थांबायला हवं होतं.

तिसरं, मला जे समजलंय त्याप्रमाणं यातला एकही सिनेमा समितीनं बसून पूर्ण बघितलेला नाही. फोनवर मला सांगितलं गेलं की विषयच तसा आहे. असं असेल तर मग समिती कशाला हवी, विषयांची यादी करून भिंतीला लावली तरी भागलं असतं. केंद्र सरकारची सिनेमा तपासण्याची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ६ डिसेंबर १९९१ ची, त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत, सिनेमाचा विचार एकेका प्रसंगावरून न करता पूर्ण सिनेमाचा एकूण परिणाम काय होतो यावरून करायचा, आणि सिनेमात जो काळ दाखवलाय तो काळ लक्षात घ्यायचा. त्याच तत्त्वांत हिंसेचं समर्थन नको, गुन्ह्याची पद्धत शिकवणारी दृश्यं नकोत हेही आहे, आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे. पण ते ठरवायला सिनेमा बघावा लागतो.

चौथं, सगळ्या पोरांना एकाच गाठोड्यात बांधलंय. दुसरीतलं पोर आणि नववीतलं पोर यांच्यात किती फरक असतो हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्यात शिक्षक आहेत. २०२३ मध्ये सिनेमाचा कायदा बदलला तेव्हा पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांना जे यूए सर्टिफिकेट असतं, त्या पूर्वीच्या एका यूएचे तीन भाग केले, सात वर्षांच्या पुढं, तेराच्या पुढं आणि सोळाच्या पुढं, आणि या खुणा पालकांना ठरवता यावं म्हणून आहेत हेही कायद्यातच आहे. म्हणजे दिल्लीला सुद्धा कळलं की लहान मुलं ही एकच गोष्ट नसते. आपण तालुक्यात तेवढं तरी करू शकतो.

आता तुमची काळजी. ती खोटी आहे असं मला अजिबात वाटत नाही आणि त्यावर न बोलता पुढं गेले तर ते बरोबर होणार नाही. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, त्यात पकडलेली कितीतरी पोरं अल्पवयीन असतात. वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा, मग पोलिसांनी उचलायचं, हे आपल्या आसपासच्या गावात पण झालंय. आठवी नववीची पोरं रीलमध्ये भाईगिरीची गाणी लावून कॉलर उडवतात. अशा वेळेला बंदूक घेतलेला हिरो पडद्यावर आणायचा का, हा प्रश्न पडणं साहजिक आहे आणि आई म्हणून मलाही पडतो.

पण नीट बघा, त्या रीलमध्ये काय असतं. पंधरा वीस सेकंद, चेहरा, चाल, हत्यार, गाणं, संपलं. कोणाला मारलं ते नाही, का मारलं ते नाही, मार खाल्लेल्याची आई नाही, कोर्ट नाही, जेल नाही. पोरांच्या डोक्यात जातं ते हे. फकिराच्या गोष्टीत दुष्काळ आहे, उपाशी वस्ती आहे, गावच्या मांगांना हजेरीला उभं करणं आहे, कोठार फोडल्यावर धान्य कोणाच्या घरात गेलं ते आहे, आणि शेवटी आपल्या माणसांना इंग्रजांनी डांबलं म्हणून त्यांना सोडवायला फकिरा स्वतःहून हजर होतो. वाचनालयात मी हा भाग वाचून दाखवला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बराच वेळ चर्चा चालली ती धान्य नक्की कोणाचं होतं यावर. एक पोरगा शेवटपर्यंत म्हणत राहिला की चोरी ती चोरीच, मालकाला आधी मागायला हवं होतं, आणि दुसरी पोरगी त्याला म्हणाली की मागितलं असतं तर दिलं असतं का. मी मध्ये पडले नाही. कोयत्याची रील बघून अशी चर्चा होत नाही.

मी कुठलीही फिल्म पोरांना लावायच्या आधी स्वतः बघते आणि बघताना काही गोष्टी तपासते, त्या सांगते, पटल्या तर तुम्हीही वापरा. लुटलेलं शेवटी जातं कुठं, हिरोच्या बंगल्यात की उपाशी माणसाच्या ताटात. ज्याला लागलं, जो मेला, तो माणूस म्हणून दिसतो का की नुसता पडतो आणि सिनेमा पुढं जातो. मारामारीला गाणं आणि स्लोमोशन लावून ती मजेची केलीय का. बाईवरचा अत्याचार कसा दाखवलाय. आणि बंडाची किंमत कोणी मोजली ते दाखवलंय का, त्याच्या बायकोपोरांचं काय झालं ते आहे का. या कसोटीला आपल्याकडचे कितीतरी पोलीस हिरोवाले सिनेमे नापास होतील, ज्यात वर्दीतला माणूस वीस जणांना हवेत उडवतो, आणि ते आपण जेवताना टीव्हीवर लावून ठेवतो.

याच कसोटीनं काही सिनेमे मी स्वतः बाजूला ठेवते. फूलनदेवीवरचा १९९४ चा सिनेमा मुलांसाठी नाहीच, त्याला प्रौढांसाठीचंच सर्टिफिकेट आहे, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुद्धा तो त्याच सर्टिफिकेटवर दाखवायला परवानगी दिली. त्यातली दृश्यं तिच्यावर काय गुदरलं ते सांगायला गरजेची आहेत हे खरंय, पण ते मोठ्यांनी बघायचं. पानसिंग तोमर मी पाचवीच्या पोरांना लावणार नाही, त्यात शिव्या आहेत, गोळीबार आहे. पण नववी दहावीच्या पोरांना जरूर दाखवावा, कारण त्यात देशासाठी धावलेला फौजी जमिनीच्या भांडणात पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो आणि कोणी दाद देत नाही, तिथून तो चंबळच्या खोऱ्यात कसा पोचतो हे एकेक पायरी दिसतं, आणि पोचल्यावर त्याचं काही भलं होत नाही हेही दिसतं. उमाजी नाईकांच्या बाबतीत सुद्धा, १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी दिली आणि लोकांना दहशत बसावी म्हणून प्रेत झाडाला लटकवून ठेवलं असं सांगतात, हा प्रसंग सात वर्षाच्या पोराला दाखवायची गरज नाही, तेवढा भाग वगळता येतो किंवा ती फिल्म थोड्या मोठ्या गटाला लावता येते. त्यांच्या माणसांनी गावं लुटली, त्यात साध्या लोकांनाही त्रास झाला, ते लपवा असंही मी म्हणत नाही. ज्या कॅप्टन मॅकिंटॉशनं त्यांना पकडायची मोहीम चालवली त्यानंच पुढं रामोश्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं, १८३३ ला ते मुंबईत छापलं गेलं. शत्रूला सुद्धा वाटलं की ही माणसं अशी का झाली ते समजून घ्यावं, पिढ्यानपिढ्या गड राखणाऱ्यांची वतनं गेल्यावर त्यांनी करायचं काय, हा विचार करावा. आपल्या पोरांना तेवढी संधी द्यायला काय हरकत आहे.

बंदी घालून काय होतं याचं एक उदाहरण सांगते, लांबचं आहे पण अगदी हेच प्रकरण आहे. ऑस्ट्रेलियात नेड केली नावाचा बंडखोर होऊन गेला, घरी बनवलेलं लोखंडी चिलखत घालून पोलिसांशी लढला, १८८० मध्ये मेलबर्नला फाशी गेला. त्याच्या टोळीवर १९०६ मध्ये सिनेमा काढला, तासाभरापेक्षा मोठा, जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचं नाव घेतात. पोरं बिघडतील, पोलिसांचा मान जाईल म्हणून तिथं ओरड झाली आणि १९११-१२ मध्ये एकेका राज्यानं अशा बंडखोरांच्या सिनेमांवर सरसकट बंदी घातली. त्यानं केली विसरला गेला का? नाही, त्याच्यावर आजपर्यंत सिनेमे निघतायत, आणि त्या १९०६ च्या सिनेमाचा जो थोडा तुकडा उरलाय तो २००७ मध्ये युनेस्कोनं जगाच्या स्मृतींच्या यादीत घेतला. आता नेड केलीच्या टोळीनं तीन पोलीस मारले होते, त्यांनाही घरदार होतं, त्यामुळं त्याला डोक्यावर घ्यायचं की नाही यावर तिथले लोक अजून भांडतात, आणि मला ते भांडण चांगलं वाटतं. मुलांना ते ऐकू द्यावं. बंदीनं फक्त भांडण बंद होतं, गोष्ट चालूच राहते, आणि मग ती पोरं कुठंतरी कोपऱ्यात मोबाईलवर अर्धीमुर्धी बघतात.

आपल्या वयाच्या सगळ्यांनी शोले बघितलाय. १९७५ मध्ये सेन्सॉरनं त्याचा शेवट बदलायला लावला, ठाकूर गब्बरला मारतो ते काढून पोलीस येतात असं केलं, म्हणजे कायदा वर राहिला. पण शेवट बदलला तरी आपल्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत गब्बरचेच डायलॉग मारत होती. शेवटच्या पाच मिनिटांत पोलीस आणले की काम झालं असं नसतं, मधल्या तीन तासांत कोणाबद्दल काय वाटायला लावलंय ते बघायला लागतं.

आता मागण्या. सरळ आहेत आणि खर्चाच्या नाहीत.

तिन्ही फिल्म समितीनं एकत्र बसून पूर्ण बघाव्यात आणि मग निर्णय घ्यावा. त्यानंतरही नकोच वाटल्या तर कोणता प्रसंग, का आणि कोणत्या वयासाठी नको ते लेखी द्यावं, आम्ही वाचू आणि पटलं तर मान्य करू.

परदेशी बंडखोराला जी कसोटी तीच आपल्या बंडखोराला लावावी. रॉबिनहूड ठेवायचा तर त्याच कारणानं फकिरालाही संधी द्यावी.

वयाचे तीन गट करावेत, चौथीपर्यंत, पाचवी ते सातवी, आणि आठवी ते दहावी. आणि पत्रिकेत प्रत्येक सिनेमापुढं पालकांसाठी मराठीत दोन ओळी असाव्यात की यात फाशीचा प्रसंग आहे, यात शिव्या आहेत, यात चाबकाचे फटके आहेत. आपल्या पोराला पाठवायचं की नाही ते मग आईवडील ठरवतील.

अशा प्रत्येक सिनेमानंतर किमान वीस मिनिटं मुलांशी बोलायला ठेवावीत. इतिहास शिकवणारे शिक्षक आपल्याकडं आहेत, गावातली जाणती माणसं आहेत, पोलीस ठाण्यातल्या एखाद्या मॅडमना बोलावलं तर अजून चांगलं, मुलांनी त्यांनाच विचारावं की कायदा चुकीचा असेल तर काय करायचं.

आणि तो शेरा जाहीरपणे मागं घ्यावा. सिनेमे ठेवा नाहीतर ठेवू नका, हे मात्र कराच. भिवडी, अण्णाभाऊंचं वाटेगाव इथली आणि पारध्यांच्या, रामोश्यांच्या, मांगांच्या वस्त्यांतली पोरं ती यादी वाचू शकतात, त्यांना वाचता येतं.

हे सगळं दिवाळीच्या आधी जमण्यासारखं आहे. माझ्याकडं तिन्ही फिल्म आहेत आणि प्रोजेक्टरही आहे, तुम्ही फक्त वार सांगा, वाचनालय उघडं ठेवते. सुचवणाऱ्या पालकांपैकी चौघंजण यायला तयार आहेत, ते कडेला बसतील, मध्ये बोलणार नाहीत. आठ दिवसांत उत्तर आलं तर पत्रिका छापायच्या आधी बदल करता येईल.

आपली,
एक पालक आणि वाचनालय चालवणारी,
पुरंदर तालुका